दहा मिनिटं, एक माकडीण

पाय मोडला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने टाच जमिनीला लावायची नाही. पलंग खिडकीशी सरकवला. खिडकीबाहेर कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे उंबर, आणि रोज सकाळी नऊच्या सुमारास त्या उंबरावर उतरणारी लाल तोंडाच्या माकडांची टोळी. ही टोळी मी वर्षानुवर्षं पाहत आले होते, म्हणजे हाकलत आले होते. दोरीवरचे कपडे, गच्चीतल्या कुंड्या, टाकीचं झाकण, एवढ्यापुरताच आमचा संबंध. आता हाकलायला उठताच येईना, तेव्हा पाहणं नशिबी आलं.

पहिल्या आठवड्यात जे दिसेल ते एका वहीत लिहीत गेले. आठवड्याने ती वही वाचायला घेतली तर चौदा पानांत एकच प्राणी होता: टोळीतला सगळ्यात मोठा नर. तो आला. त्याने फांदी गदागदा हलवली. तो दुसऱ्या नराच्या अंगावर धावला. त्याने जांभई देऊन सुळे दाखवले. टोळीत बावीस माकडं होती, मी मोजली होती. उरलेल्या एकवीस जणांचा उल्लेख माझ्या वहीत "बाकीची" असा होता.

ही सवय फार जुनी आहे आणि शिकल्यासवरल्या माणसांनाही ती होती, हे पुढे वाचताना कळलं. केनियातल्या अँबोसेलीच्या माळावर जीन आल्टमन या संशोधिका बबून, म्हणजे कुत्र्यासारख्या लांब तोंडाची मोठी आफ्रिकी माकडं, पाहत. शिक्षण मूळचं गणिताचं, त्यामुळे त्यांना नोंदींच्या वह्यांतला हिशेब खटकला. जे डोळ्यांत भरतं तेच माणूस टिपतो. भांडण भरतं, पाठलाग भरतो, सुळे भरतात. दोघी जणी तासभर खांद्याला खांदा लावून बसल्या तर ते कुणी लिहीत नाही. मग शेवटी बेरीज करायला बसलं की निष्कर्ष ठरलेलाच: या प्राण्यांचं जगणं म्हणजे नरांची मारामारी. १९७४ साली त्यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आज माशांपासून हत्तींपर्यंत काहीही पाहणारा माणूस त्यातलेच नियम पाळतो.

त्यातला मला सर्वात आवडलेला नियम असा. पाहायला बसण्याआधीच एक प्राणी निवडायचा. ठरवलेला वेळ फक्त त्याच्याकडेच पाहायचं. शेजारी युद्ध पेटलं तरी नजर ढळू द्यायची नाही. तो काहीच करत नसेल तर "काहीच करत नाही" असं लिहायचं. पानाआड गेला तर "दिसत नाही" असं लिहायचं आणि वेळ संपेपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. वाचताना हे किरकोळ वाटतं. करून पाहिलं तेव्हा चौथ्या मिनिटाला माझी नजर तीनदा मोठ्या नराकडे पळाली होती.

एक प्राणी निवडायचा म्हणजे कोणता, हे आईने ठरवलं. ती दुपारपर्यंत माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसत असे. म्हणाली, "अगं, ती म्हातारी घे ना. कान तुटलेली. भिंतीच्या त्या कोपऱ्यात रोज तिथंच बसते." मी आठवडाभर त्या भिंतीकडे पाहत होते आणि ती म्हातारी मला दिसलीच नव्हती.

तिचं नाव मी वहीत कानतुटकी असं लिहिलं. नाव देणं हेही एके काळी वादाचं होतं. जपानमध्ये किन्जी इमानिशी आणि त्यांचे विद्यार्थी १९४८ पासून कोशिमा बेटावरची माकडं पाहू लागले आणि त्यांनी एकेकाला चेहऱ्यावरून ओळखून नाव दिलं. पश्चिमेकडच्या पुष्कळ शास्त्रज्ञांना हे भाबडेपणाचं वाटे. प्राण्याला नाव दिलं की आपण त्याच्यात माणूस शोधू लागतो, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. पण नाव नसलं की एक माकड दुसऱ्याच्या जागी खपून जातं, आणि मग कोण कुणाची कोण, हे कधीच कळत नाही. कोशिमात ते कळलं, ते नावांमुळे.

पहिले तीन दिवस कानतुटकीने मला काही पाहू दिलं नाही. मी खिडकीतून तिच्यावर डोळे रोखले की ती उठून जायची. चूक माझी होती. या माकडांच्या जगात रोखून पाहणं म्हणजे धमकी. आपसातही ती क्षणभर पाहतात आणि नजर बाजूला घेतात. मग मी मान जरा वळवून, कडेच्या नजरेने पाहायला शिकले आणि ती बसू लागली. चेहऱ्यांच्या बाबतीतही माझे समज असेच उलटे निघाले. दात दिसले की माकड हसलं असं मी समजत होते. ऱ्हिसस जातीत, आणि ही टोळी ऱ्हिससचीच, ओठ मागे ओढून मिटलेले दात गुपचूप दाखवणं ही दबल्याची, "मी तुझ्या वाटेत नाही" असं सांगण्याची खूण आहे. मोठा नर जवळून गेला की लहानसहान माकडं असे दात दाखवत, आणि मला वाटे, किती गुण्यागोविंदाने राहतात.

मायेची खूण वेगळी आहे. ओठ भराभर उघडझाप करत पुटपुटल्यासारखं करायचं, आवाज जेमतेम. आया पिल्लांशी असं करतात, आणि पिल्लं टुकुटुकु बघत तसंच करायचा प्रयत्न करतात. ही उघडझाप सेकंदाला साधारण पाच वेळा होते. माणूस बोलताना त्याच्या अक्षरांचा ठेकाही जवळजवळ तेवढाच असतो. २०१६ मध्ये काही संशोधकांनी क्ष-किरणांनी मकाक माकडाचा (ऱ्हिसस याच मकाक गटातले) घसा आणि जीभ हलताना टिपली आणि संगणकावर त्याचे आवाज तयार करून पाहिले. घसा बोलण्याजोगा निघाला. स्वरही निघतात, शब्दही निघू शकले असते. अडतं ते घशात नाही, मेंदूत. कानतुटकी नातवाच्या तोंडासमोर ओठ हलवत बसायची, तेव्हा मला हे आठवायचं.

नातू हा शब्द मी पेन्सिलीने लिहिला होता. आईने मात्र पहिल्या दिवसापासून "तिच्या मुली, तिचा नातू" असंच म्हटलं.

बाकीच्यांना एका शब्दात गुंडाळण्याची किंमत किती मोठी असते, ते लंडनमध्ये दिसलं. १९२५ साली तिथल्या प्राणिसंग्रहालयात खडकांची एक टेकडी रचून तिच्यावर शंभरच्या आसपास हमाद्रियास जातीचे बबून सोडले. सगळे नर मागवले होते, चुकून काही माद्या आल्या. दोन वर्षांनी आणखी तीस माद्या आणून सोडल्या. पुढे जे घडलं ती कत्तल होती. नर माद्यांसाठी लढले, त्यांना ओढत राहिले, आणि त्या ओढाताणीत माद्या एकामागून एक मेल्या. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी हे सगळं पाहून १९३२ साली एक ग्रंथ लिहिला, आणि कितीतरी वर्षं लोक समजत राहिले की माकडांचा समाज असाच असतो, लैंगिक ओढीने बांधलेला आणि रक्ताने माखलेला. त्या टेकडीवरचे प्राणी एकमेकांना अनोळखी होते, जागा तोकडी होती, नरमाद्यांचं प्रमाण अशक्य होतं. हे सगळं माणसांनी केलं होतं. दोष मात्र बबूनच्या स्वभावाच्या खात्यावर मांडला गेला.

१९६० च्या दशकात हान्स कुमर इथिओपियाच्या उघड्या डोंगरांत तेच हमाद्रियास पाहायला गेले. तिथेही नर माद्यांना धाकात ठेवतात, मानेला चावून मागे चालायला लावतात. स्वर्ग नव्हेच तो. पण कुमर यांना आणखी एक दिसलं. एखादी मादी कुणाबरोबर आहे हे दुसऱ्या नराने थोडा वेळ पाहिलं असेल तर तो तिच्या वाटेला जात नाही. त्याला त्याच कुंपणात सोडलं तर तो पाठ फिरवून बसतो, दूर कुठेतरी बघतो, जमिनीवरचे खडे चिवडतो. बलवान असला तरी. टेकडीवर जे फुटलं होतं ते हेच: एकमेकांना ओळखण्यातून येणारा संयम.

आणि कोशिमा. तिथली गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते, पण तिच्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा गाळला जातो. संशोधक माकडांना झाडीबाहेर काढण्यासाठी किनाऱ्यावर रताळी टाकत. १९५३ साली इमो नावाची दीड वर्षाची एक मादी वाळूने भरलेलं रताळं ओढ्याच्या पाण्यात बुचकळून हाताने घासताना दिसली. दिसली कुणाला? सात्सुए मितो या तिथल्या शिक्षिकेला. विद्यापीठातले लोक यायचे नि जायचे, त्या तिथेच होत्या, म्हणून त्यांना दिसलं. मग इमोच्या सवंगड्यांनी ते उचललं, तिच्या आईने उचललं, भावंडांनी उचललं. १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षांच्या १९ माकडांपैकी १५ रताळी धूत होती. मोठ्या ११ पैकी फक्त दोन, आणि त्या दोन्ही माद्या. मोठे नर शिकले नाहीत. ते लहानग्यांच्या आसपास फिरकतच नसत, तर शिकणार कुणाकडून? पुढे या गोष्टीला कुणीतरी शेपूट जोडलं, की शंभरावं माकड शिकलं त्या क्षणी दूरच्या बेटांवरच्या माकडांनाही आपोआप ते ज्ञान झालं. असं काही घडलं नव्हतं. आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुरेख आहे: ज्ञान जवळीकीच्या वाटेने गेलं, जो ज्याच्या शेजारी बसत होता त्याच्याकडे गेलं. इमो पुढे गव्हाच्या दाण्यांची वाळूमिश्रित मूठ पाण्यात टाकायला शिकली; वाळू बुडते, दाणे तरंगतात. ओढ्याऐवजी समुद्रात रताळी बुडवू लागलेल्या माकडांना तर ती खारट चवच आवडत असावी, असं पाहणाऱ्यांना वाटलं. धुतलेलं रताळंसुद्धा ती चावा घेतला की पुन्हा बुडवत.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीतली पानं बदलू लागली. कानतुटकीचं पान बहुतेक रिकामं असे. बसली. पाय खाजवला. काहीच करत नाही. काहीच करत नाही. गालातून काहीतरी काढून चघळते. मकाक माकडांच्या गालांना आतून पिशव्या असतात. मिळेल ते घाईने भरून घ्यायचं आणि मग सावकाश, सुरक्षित जागी बसून खायचं. कानतुटकीचा डावा गाल सकाळी फुगलेला असे आणि दहा वाजेपर्यंत सपाट होई. तिच्या बुडावरचे घट्टे केसाविना टणक, गादीसारखे. फांदीवर बसल्या बसल्या झोपणाऱ्या प्राण्याला ते हवेतच.

आपल्या भाषेने माकड आणि वानर हे दोन शब्द राखले आहेत याचं मला या दिवसांत फार अप्रूप वाटलं. एक लाल तोंडाचं, एक काळ्या तोंडाचं, एवढाच फरक मी धरत होते. पोट उघडून पाहणाऱ्यांना वेगळाच फरक दिसला. वानराला गालाच्या पिशव्या नसतात. त्याऐवजी त्याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं, आणि त्यात जंतू पानं आंबवतात, गाईच्या पोटात आंबवतात तशी. मग त्या जंतूंनाही पचवायचं तर त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. वानराच्या जठरातलं ते विकर तपासलं तेव्हा गाईच्या विकरात झालेल्या बदलांतले काही तसेच्या तसे त्यात सापडले. गाय आणि वानर यांचा जवळचा काही संबंध नाही. पानं खाऊन जगायचं म्हटल्यावर दोघांच्या शरीरांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग काढला. आणि माझं? ऱ्हिससचा आणि माणसाचा जनुकीय मजकूर सुमारे ९३ टक्के जुळतो. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांना रक्तातला जो घटक सापडला त्याचं "आरएच" हे नावच या ऱ्हिसस माकडावरून पडलं. माझ्या रक्तगटापुढचं "पॉझिटिव्ह" तिथूनच आलेलं. रुग्णालयाच्या कागदावर तो शब्द मी महिनाभर पाहत होते.

रिकाम्या पानांचा उपयोग महिन्याने कळला. कानतुटकी काही करत नव्हती, पण तिच्याभोवती घडत होतं. दोन तरण्या माकडिणी तिच्याजवळ येत. एक अंगाने मोठी, पिल्लू असलेली. दुसरी लहान, चपळ. मोठी म्हातारीच्या उजवीकडे बसलेली असे, आणि लहान आली की मोठी उठून दोन हात सरके. आरडाओरडा नाही, दात नाहीत. नुसतं सरकणं. हे मी अकरा वेळा लिहिलं आणि मला वाटलं की माझंच उलटसुलट झालंय. मोठीने लहानीला उठवायला हवं. झालं नव्हतं. शुन्झो कावामुरा यांनी १९५८ सालीच जपानी माकडांत हे लिहून ठेवलं आहे. या जातींत मुली जन्मभर आईच्या टोळीत राहतात, मुलगे मोठे झाले की निघून जातात. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि बहिणींत धाकटीचा मान थोरलीहून वरचा. आई कायम धाकट्या लेकीची बाजू घेते, टोळी तिच्या बाजूने उभी राहते, आणि हळूहळू थोरली सरकायला शिकते. मोठा नर चार-पाच वर्षांनी बदलेल, दुसरा येईल. ही उतरंड राहील. मी सुरुवातीला ज्याला टोळी समजून लिहीत होते तो खरं तर त्या टोळीतला पाहुणा होता.

आईला हे वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "थोरलीला सरकावंच लागतं." ती चार बहिणींत थोरली.

धाकटी बसली की कामाला लागायची. म्हातारीच्या पाठीवरचे केस एका हाताने उलटे करायचे, दुसऱ्या हाताच्या चिमटीने काही टिपायचं, तोंडात टाकायचं. इंग्रजी पुस्तकांत याला जो शब्द आहे तो नटण्यामुरडण्याचा आहे. आपण सरळ म्हणतो, उवा काढतात. मधल्या काळात बरेच जण सांगत की उवा वगैरे काही नसतात, हा फक्त जिव्हाळा आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकात दोघांनी बारकाईने तपासलं की ही माकडं टिपून खातात ते काय, तर बहुतेक सगळ्या लिखाच निघाल्या. जिव्हाळाही खराच आहे. टालापॉइन नावाच्या छोट्या माकडांत १९८९ साली मोजलं गेलं, की कुणीतरी असं अंग निवडून दिलं की मेंदूतल्या द्रवात एंडॉर्फिन वाढतं, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक. काही मकाक जातींत हृदयाचे ठोके मंदावताना मोजले आहेत. लिखा आणि माया एकाच चिमटीत येतात, त्यांत मला काही विसंगत दिसत नाही. प्लास्टर घातलेल्या त्या दिवसांत डोकं धुणं जमत नसे, तेव्हा आई केसांत बोटं फिरवून गुंता सोडवायची. पाय ठणकायचा थांबायचा नाही, पण तो ठणका जरा लांब जायचा.

अँबोसेलीत हे सगळं आकड्यांत उतरलं. तिथल्या बबूनच्या नोंदी १९७१ पासून चालू आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. २००३ साली जोन सिल्क, सुझन अल्बर्ट्स आणि आल्टमन यांनी सोळा वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि विचारलं: कोणत्या मादीची पिल्लं जगतात? उतरंडीत वरच्या स्थानावर असणारीचीच, असं वाटेल. पण निघालं असं, की जिचं इतरांजवळ बसणं-उठणं, केस निवडणं जास्त, तिची पिल्लं वर्षभर तग धरण्याची शक्यता जास्त. तिचा मान वरचा असो की खालचा. हे उत्तर सोळा वर्षांच्या "शेजारी बसली आहे" अशा नोंदींतून आलं. कुणीतरी वर्षानुवर्षं तेवढं एक वाक्य लिहीत राहिलं म्हणून. मारामाऱ्यांच्या वह्यांतून ते कधीच आलं नसतं.

बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांच्या सहकाऱ्यांनी बबूनच्या विष्ठेतून ताणाची संप्रेरकं मोजली. सिंहाने किंवा बिबट्याने टोळीतलं कुणी नेलं, तर जिची लेक किंवा बहीण गेली त्या मादीची पातळी चढते. त्यानंतरच्या आठवड्यांत ती पूर्वी ज्यांच्याजवळ जात नव्हती अशा माद्यांजवळ जाऊन त्यांचे केस निवडू लागते. पुढे पातळी उतरते.

चेनी आणि सेफार्थ या दोघांनी त्याआधी अँबोसेलीच्या व्हर्व्हेट नावाच्या छोट्या माकडांवर एक प्रयोग केला होता, आणि माझ्या मते माकडांविषयी केलेल्या साऱ्या प्रयोगांत तो सर्वात देखणा आहे. व्हर्व्हेट बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळ्या हाका देतात. बिबट्याची हाक वाजली की झाडावर पळायचं, गरुडाची वाजली की वर पाहून झुडपात शिरायचं, सापाची वाजली की मागच्या पायांवर उभं राहून गवत न्याहाळायचं. १९८० साली झुडपात ध्वनिवर्धक लपवून नुसत्या हाका वाजवल्या तरी माकडं बरोबर तसंच वागली. पिल्लांच्या चुका होतात. गळणाऱ्या पानालाही ती गरुडाची हाक देतात. पण मी म्हणते तो प्रयोग हा नव्हे. त्यांनी एका पिल्लाची किंकाळी वाजवली. पिल्लू दूर होतं, दिसत नव्हतं. त्याची आई आवाजाकडे वळली. आणि तिथे बसलेल्या दुसऱ्या माद्या? त्या आवाजाकडे नाही, त्या पिल्लाच्या आईकडे पाहू लागल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, हा आवाज कुणाचा, आणि तो कुणाचा कोण. नावं त्यांच्यापाशीही होती. हे वाचल्यावर मी वही मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मी त्या टोळीतली नाती कष्टाने ओळखत होते, आणि टोळीतला प्रत्येक जण ती आधीपासून ओळखून बसला होता.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. माकडांकडून आपण जे शिकलो त्यातलं सगळं असं दूर बसून, त्यांना न दुखवता शिकलेलं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी ऱ्हिससची नवजात पिल्लं आईपासून तोडून पिंजऱ्यात ठेवली आणि त्यांना दोन बनावट आया दिल्या: एक तारेची, दुधाची बाटली असलेली; एक मऊ कापडाची, बाटली नसलेली. पिल्लं दिवसाचे बहुतेक तास कापडाच्या आईला बिलगून राहिली, दुधापुरती तारेच्या आईकडे वाकत. १९५८ साली हे जाहीर झालं. तोवर मोठमोठे मानसशास्त्रज्ञ सांगत होते की मुलांना फार जवळ घेऊ नका. जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पालकांना तसा उपदेशच केला होता. हार्लो यांच्या पिल्लांनी तो खोडून काढला. पण हार्लो तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी पिल्लांना महिनोन्‌महिने पूर्ण एकटं कोंडलं, उतरत्या भिंतींच्या खोल धातूच्या खोबणीत टाकलं, आणि बाहेर काढल्यावर ती कोपऱ्यात स्वतःला कवटाळून डुलताना पाहिली. त्यांतल्या काही माद्या आई झाल्या तेव्हा त्यांनी पिल्लांना तुडवलं, चावलं. मला यातलं पहिलं वाचतानाही त्रास होतो, आणि दुसऱ्याचं समर्थन करणारं एकही कारण मला पटत नाही. एकटं पडलेलं पिल्लू मोडतं, हे समजायला ते मोडावं लागत नव्हतं. अँबोसेलीत कुणालाही न कोंडता तेच, किंबहुना अधिक, कळलं: लहानपणी आई गेली, दुष्काळात जन्म झाला, पाठोपाठ भावंड आलं, अशी तीन किंवा अधिक संकटं जिच्या वाट्याला आली ती मादी इतरांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी मरते. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. त्यासाठी पंचेचाळीस वर्षं पाहत राहावं लागलं, एवढंच.

पोर्तो रिकोजवळ कायो सांतियागो नावाचं छोटं बेट आहे. १९३८ साली भारतातून पकडून नेलेले चारशेच्या आसपास ऱ्हिसस तिथे सोडले होते. आज तिथे त्यांचे वंशज आहेत. कानतुटकीचे दूरचे सोयरे. त्यांच्या म्हाताऱ्या माद्यांचा अभ्यास मी मुद्दाम शोधून वाचला. वय वाढतं तसं त्यांचं वर्तुळ लहान होत जातं. बाकीची त्यांना टाळतात म्हणून नव्हे. इतर माकडं पूर्वीइतकीच त्यांच्याजवळ येतात. म्हाताऱ्या स्वतःच थोडक्यांजवळ जातात, मुली, बहिणी, जुन्या ओळखीच्या. आणि २०१७ मध्ये मारिया वादळाने त्या बेटावरची बहुतेक झाडी उखडून नेली. दुपारी उन्हाचा पारा चाळिशीपार, सावली नावापुरती. संशोधकांना वाटलं, आता सावलीसाठी मारामाऱ्या होतील, कारण ऱ्हिसस ही मकाकांमधली भांडखोर जात. झालं उलट. माकडं एकमेकांना जास्त सोसू लागली. उरलेल्या खोडांच्या अरुंद सावलीत रांगेने दाटीवाटीने बसू लागली, ज्यांची पूर्वी जवळीक नव्हती तीही. आणि जी अशी सोसून घेऊ लागली ती अधिक जगली. वादळाआधी या गुणाचा जगण्यामरण्याशी असा संबंध दिसत नव्हता. ही बातमी आली तेव्हा त्या शास्त्रज्ञांना किती आनंद झाला असेल, असं मला वाटत राहतं. ते बेट वर्षानुवर्षं रोज मोजलं जात होतं, म्हणूनच कोण पूर्वी कुणाशेजारी बसत नसे, हे सांगता आलं.

प्लास्टर काढायची तारीख ठरली त्या आठवड्यात कानतुटकी भिंतीवर आली नाही. नियम माहीत होता. तिच्या नावापुढे वेळ घातली, "दिसत नाही" लिहिलं, घड्याळाकडे पाहत दहा मिनिटं बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. टोळी येत होती, मोठा नर फांदी हलवत होता, आई खुर्ची पुढे ओढून भिंतीचा तो कोपरा पाहत होती आणि काही बोलत नव्हती. सहाव्या दिवशी मी पानावर नाव बदललं आणि धाकटी लिहिलं.

९.०४. धाकटी कोपऱ्यात बसली आहे. एकटी.

९.०७. काहीच करत नाही.

९.०९. थोरली पिल्लाला पोटाशी घेऊन भिंतीवर येते. दोन हातांवर थांबते.

९.१०. धाकटी ओठ हलवते.

९.११. थोरली जवळ सरकते. धाकटीच्या पाठीवरचे केस उलटे करते.

९.१४. तेच.